साहेब, बरणीतलं फॉर्मॅलिन बारीकसारीक नसतं

सरकारी आरोग्ययंत्रणेचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात स्तनाच्या कॅन्सरबद्दलचा तुमचा जनजागृतीचा कार्यक्रम आमच्या नाशिकला झाला. मी तिसऱ्या रांगेत होते. गुलाबी फिती, गुलाबी फुगे, आशाताईंच्या डोक्यावर गुलाबी टोप्या. मंचावरून सांगण्यात आलं की कॅन्सरवर आता नेम धरून मारणारी औषधं आली आहेत आणि सरकार ती गोरगरिबांपर्यंत पोचवणार आहे. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग प्रश्नांसाठी माइक फिरला. मी उभी राहिले आणि विचारलं, "तालुक्याच्या गावात गाठ काढली की ती कशात ठेवतात? किती वेळात लॅबला पोचते? आणि हर-टू ‘टू प्लस’ आला तर पुढची फिश तपासणी कोण करून देतं?" (हर-टू ही कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी पेशीवरची खूण, ‘टू प्लस’ म्हणजे ‘नक्की सांगता येत नाही’ असा निकाल, आणि फिश ही तो संशय मिटवणारी जीनची तपासणी. नीट पुढे सांगते.)

मंचावरचे साहेब हसले. म्हणाले, "ताई, हे फार बारीकसारीक झालं. ते खालच्या पातळीवर बघून घेतात." माइक पुढे गेला.

मी त्याच खालच्या पातळीवर एकतीस वर्षं काढली, साहेब. म्हणून हे पत्र, आणि ते उघड लिहितेय, कारण बंद पाकिटातली माझी आधीची दोन पत्रं कुठल्या तरी टेबलावर अजून ‘आवक’चा शिक्का घेऊन पडली असणार.

मी हिस्टोपॅथॉलॉजीची टेक्निशियन. अंगातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. डॉक्टर तो कापून बघतात, आम्ही त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतो, ब्लॉक करतो, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढतो, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतो, रंगवतो. रिपोर्टवर सही डॉक्टरांची, आणि ती त्यांचीच असायला हवी. पण तुकडा ज्या बरणीतून आला तिचं झाकण पहिल्यांदा उघडणारे हात आमचे. झाकण उघडल्यावर नाकाला झणका बसला, डोळ्यांत पाणी आलं, की आम्हाला बरं वाटतं. तुकडा कुजू न देणारं फॉर्मॅलिन आहे म्हणजे. झणका न बसता नुसताच वास आला, तर काय समजायचं ते आम्हाला समजतं.

आता घरातली गोष्ट. माझी धाकटी नणंद निफाड तालुक्यात दिली आहे. घरची द्राक्षबाग. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, विरळणीच्या दिवसांत, हात वर करून घड निवडताना काखेशेजारी ओढल्यासारखं झालं म्हणून तिनं चाचपून पाहिलं, तर बोराएवढी गाठ. विरळणी संपू दे, मग बघू, असं म्हणत महिना गेला. त्या महिन्याचा दोष मी तुमच्या माथी मारत नाही.

जवळच्या गावातल्या एका छोट्या दवाखान्यात शनिवारी दुपारी तिची गाठ काढली. आधी जाड सुईनं तुकडा घेऊन तपासायला हवा होता. ते झालं नाही, सरळ गाठच काढली. ती प्लॅस्टिकच्या बरणीत सलाईनमध्ये घालून तिच्या नवऱ्याच्या हातात दिली, ‘नाशिकला लॅबमध्ये देऊन या.’ शनिवारची संध्याकाळ गेली, रविवारी लॅब बंद. सोमवारी सकाळी दाजी एसटीनं नाशिकला आले, बरणी कापडी पिशवीत आणि पिशवी मांडीवर. तोवर ती गाठ मिठाच्या पाण्यात दीड दिवसाहून जास्त पडून होती. मला हे सगळं कळलं ते रिपोर्ट आल्यावर. आपल्याकडे असली गाठ सासरी आणि माहेरी दोन्हीकडे लपवायची रीत आहे, आणि वहिनी लॅबमध्ये होती म्हणून तिला आधी सांगावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

रिपोर्ट असा होता: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू टू प्लस, ‘फिश करून घ्यावी’. ईआर आणि पीआर म्हणजे दोन बायकी हार्मोनच्या पेशीतल्या बसायच्या जागा. फिश सरकारी योजनेत बसत नाही असं खिडकीवर सांगितलं गेलं. बाहेर करायची तर काही हजार रुपये, आणि त्या आठवड्यात बागेच्या औषधवाल्याची उधारी चुकवायची होती. फिश राहिली. तिला ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेली, धरून केमो सुरू झाली, मग शेक (रेडिएशन) झाले. केस गेले, नखं काळी पडली, सगळं तिनं सोसलं.

अकरा महिन्यांनी काखेत पुन्हा गाठ आली. या वेळी मी सोबत होते. ट्रूकटचा, म्हणजे जाड सुईनं घेतलेला, तुकडा सुईतून निघाला तसा माझ्यासमोर फॉर्मॅलिनमध्ये टाकायला लावला आणि बरणीवर पेनानं वेळ लिहिली, ११ वाजून २० मिनिटं. तिथल्या सिस्टरनं माझ्याकडे ‘ही कोण बाई’ असं पाहिलं. पाहू दे. रिपोर्ट आला: ईआर जोरदार पॉझिटिव्ह. हर-टू पुन्हा टू प्लस, फिश केली, तीही पॉझिटिव्ह.

कॅन्सर परत येताना कधी कधी आपलं रूप बदलतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आम्ही पहिला ब्लॉक आणि पहिल्या स्लाइड मागवल्या. मायक्रोस्कोपला दोघांना बघायची सोय होती, मी डॉक्टरांच्या समोर बसून पाहिलं. मधला सगळा भाग म्हणजे पेशींची भुतं: केंद्रकं फुगलेली, कडा विरघळलेल्या. आणि एक गोष्ट अशी की ती बघून मी खुर्चीतून उठलेच. गाठीशेजारी दुधाच्या निरोगी नळ्या असतात. त्यांच्या काही पेशींत ईआर असतोच, त्यामुळे त्यांनी तपकिरी रंग घ्यायलाच हवा. तोच घरचा साक्षीदार. त्या स्लाइडवर निरोगी नळ्याही कोऱ्या होत्या. साक्षीदारच मुका असला तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नसतं, ‘तपासणी फसली, नवा नमुना पाठवा’ असं लिहायचं असतं. ब्लॉकच्या एका कडेला थोडी शाबूत जागा होती. तिथला नवा काप रंगवला, तर पेशींत ईआरचा तपकिरी रंग स्वच्छ उतरला. त्याच ब्लॉकमध्ये, पहिल्या दिवसापासून.

म्हणजे अकरा महिने तिला टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हार्मोनला अडवणारी, गोळी मिळाली नाही आणि हर-टूचं इंजेक्शनही मिळालं नाही. दोन्ही औषधं देशात होती. तिच्या अंगात त्यांची जागाही होती.

आता हे बारीकसारीक म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण मंचावर ‘नेम धरून मारणारी औषधं’ म्हणायचं आणि नेम कशावर धरतात ते विचारलं की हसायचं, हे मला पटलेलं नाही.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनची पेशीच्या केंद्रकातली बसायची जागा. हार्मोन तिथं बसलं की ती जोडी डीएनएवर जाऊन पेशीला वाढायचे, दुभंगायचे हुकूम सोडते. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी बीजकोश काढून काही बायकांच्या गाठी ओसरलेल्या दाखवल्या. असं का होतं हे त्यांना सांगता येणार नव्हतं. पुढे अमेरिकेत एल्वुड जेन्सन यांनी ही बसायची जागा शोधली तेव्हा उलगडा झाला. टॅमॉक्सिफेन काय करतं? आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तेच. हार्मोन आलं की त्याला उभंच राहावं लागतं. हे औषध अमेरिकेत १९७७ साली मंजूर झालं, आज ते अगदी स्वस्त मिळतं, आणि ईआर पॉझिटिव्ह बाईनं ते पाच वर्षं नीट घेतलं तर या आजारानं मरण्याचा धोका जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या सगळ्या औषधांत गरिबाला परवडणारं असं हेच. आणि ते द्यायचं की नाही हे ठरतं त्या तपकिरी रंगावर. २०१० पासूनचा नियम असा की शंभरात एका कॅन्सरपेशीच्या केंद्रकानं रंग घेतला तरी पॉझिटिव्ह म्हणायचं. एक टक्का! इतक्या नाजूक मोजणीसाठी आपण मिठाच्या पाण्यात शिळा झालेला तुकडा देतो.

हर-टूची तऱ्हा वेगळी. हा पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर असतो. त्याचा जीन १७ व्या गुणसूत्रावर, दोन प्रती असतात. स्तनाच्या साधारण १५ ते २० टक्के कॅन्सरमध्ये त्या प्रतींची संख्या भसाभस वाढते, मग पापुद्र्यावर हर-टूची इतकी गर्दी होते की ते एकमेकांना चिकटून, कोणी दाबलं नसताना, दारावरची बेल अडकावी तसे ‘वाढ, वाढ’ वाजत राहतात. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांच्या गाठीत या प्रती वाढलेल्या असतात त्यांचा आजार लवकर उलटतो. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब, म्हणजे आपण ज्याला हरसेप्टिन म्हणतो ते, १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं. पुढे २००५ मधल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं की ऑपरेशननंतर हे औषध दिलं तर आजार उलटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. निम्म्यावर, साहेब.

हर-टू दोन तऱ्हांनी बघतात. आधी पापुद्र्यावरचा रंग: शून्य, वन प्लस, टू प्लस, थ्री प्लस. थ्री प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. टू प्लस म्हणजे ‘सांगता येत नाही’. मग फिश करायची. त्यात जीनच्या प्रती अंधाऱ्या खोलीत चमकणाऱ्या ठिपक्यांसारख्या मोजतात. टू प्लसवर थांबणं म्हणजे निकाल न वाचता पेपर मिटवणं. माझ्या नणंदेचा पेपर तसा मिटवला गेला.

आणि गंमत म्हणावी की काय ते कळत नाही, पण आता शून्य आणि वन प्लसमधला फरकही महाग झाला आहे. पूर्वी दोन्हींना ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडून द्यायचे. मग ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन आलं. यात हर-टूला चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या पाठीवर केमोचं विष लादलेलं असतं. ती पेशीत शिरते, तिथं विष सुटतं आणि ते आजूबाजूच्या पेशींनाही मारतं. त्यामुळे पापुद्र्यावर हर-टू थोडाच असला तरी चालतं. २०२२ साली जाहीर झालेल्या अभ्यासात, आजार पसरलेल्या आणि ‘हर-टू लो’, म्हणजे हर-टू थोडाच असलेल्या, बायकांमध्ये आजार रोखून धरण्याचा काळ ५.१ महिन्यांवरून ९.९ महिन्यांवर गेला आणि एकूण आयुष्य १६.८ वरून २३.४ महिन्यांवर. २०२४ च्या जुलैमधल्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच औषधावरची आयात ड्युटी माफ झाली. चांगलं झालं. पण ते कोणाला द्यायचं हे कसं ठरवणार? आपल्याकडच्या कित्येक रिपोर्टांवर नुसतं ‘हर-टू निगेटिव्ह’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. शून्य की वन प्लस, काही नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पेशीच्या दुभंगण्याचं फाटक उघडणाऱ्या सीडीके ४ आणि ६ या एन्झाइमांना अडवणारं पाल्बोसायक्लिब अमेरिकेत २०१५ ला आलं, २०२३ च्या जानेवारीत त्याचं इथलं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांनी भाव खाली आणला. ते फक्त ईआर पॉझिटिव्ह बायकांसाठी. बीआरसीए जीन बिघडलेल्या पेशींना डीएनए दुरुस्तीचा एकच रस्ता उरतो, ओलापॅरिब तोही बंद करतं. त्याला जीनची तपासणी लागते. लवकरच्या पण धोक्याच्या ट्रिपल निगेटिव्हमध्ये केमोबरोबर इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातल्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारं औषध. तिथं आधी ट्रिपल निगेटिव्ह खरंच आहे का ते कळायला हवं. भारतात ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त नोंदवलं जातं. त्यातलं काही खरंच आपल्या बायकांच्या वयाचं आणि जीवशास्त्राचं असेल. पण त्यातल्या काही जणी माझ्या नणंदेसारख्या बरणीनं केलेल्या ट्रिपल निगेटिव्ह आहेत, हे मी माझ्या टेबलावरून सांगते.

तुकडा अंगातून सुटला की त्यातली एन्झाइमं त्यालाच खायला लागतात. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून ती खाणावळ बंद करतं. नियम साधा आहे: एका तासाच्या आत तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट फॉर्मॅलिन, त्यात कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. गाठ मोठी असेल तर तिला काप द्यायचा, कारण फॉर्मॅलिन आत मुरायला तासाला जेमतेम एक मिलिमीटर जातं. बफर नसलेलं जुनं फॉर्मॅलिन आंबट होतं, तेही चालत नाही. एवढंच. यात रॉकेट सोडायचं नाही. बरणी, द्रव, लेबल, घड्याळ.

माझ्या नणंदेच्या घरची द्राक्षं परदेशात जातात. बागेची नोंदणी असते, तोडणीआधी मण्यांचे नमुने रेसिड्यूच्या तपासणीला जातात, तोडलेला माल काही तासांत पॅकहाउसला प्री-कूलिंगमध्ये शिरतो, पेटीवर कोड असतो. युरोपात एखाद्या दुकानात तक्रार आली तर कोणत्या गटातली पेटी ते निफाडला बसून सांगता येतं. हे याच जिल्ह्यातल्या लोकांनी, याच रस्त्यांवरून, याच विजेवर करून दाखवलं आहे. त्याच घरातल्या बाईची गाठ दीड दिवस कुठं, कशात होती, याची नोंद कुठेच नव्हती. दाजींनीच मला एकदा विचारलं, "वहिनी, माल असा पाठवला असता तर कंटेनर परत आला असता ना?" मी उत्तर दिलं नाही.

आता तक्रारी.

गाठ काढणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, सरकारी असो की खासगी, योग्य फॉर्मॅलिनची बरणी असलीच पाहिजे, अशी सक्ती कोणी करत नाही आणि तपासत नाही. मी बरण्यांच्या नावाखाली सलाईनच्या कापलेल्या बाटल्या पाहिल्यात, लोणच्याच्या पाहिल्यात, एकदा तर गाठ स्पिरिटमधल्या कापसात गुंडाळून आली. आम्ही काय केलं? रजिस्टरला ‘सलाईनमध्ये आला’ असं लिहिलं आणि ब्लॉक केला. परत पाठवून भांडायला हवं होतं. मीही भांडले नाही. एकतीस वर्षांत असे किती ब्लॉक माझ्या हातून गेले ते मोजायची मला आता भीती वाटते.

दुसरं, औषधाचे पैसे एका खिडकीतून आणि ते औषध कोणाला द्यायचं हे सांगणाऱ्या तपासणीचे पैसे पेशंटच्या कमरेच्या पिशवीतून, ही विभागणी कोणी केली? इंजेक्शनच्या मंजुरीला फिशचा रिपोर्ट जोडा म्हणतात. फिशला मंजुरी मागायला गेलं की म्हणतात ती बाहेरून करा. बाहेर जायला पैसे असते तर ती बाई तुमच्या खिडकीवर आली असती का?

तिसरं, वेळ. ब्लॉक आणि स्लाइड पर्समध्ये घालून पहाटे नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसची वाट बघणाऱ्या बायका मी इतक्या पाहिल्यात की स्टेशनवर पर्स छातीशी धरलेली बाई दिसली की मला कळतं ती परळला निघाली. टाटाला जाण्यात वाईट काही नाही, तिथल्या लोकांचे उपकारच आहेत. पण रंगवून बघायच्या तपासणीसाठी दोनशे किलोमीटर माणूस कशाला जायला हवं? ब्लॉक जाऊ शकतो. ब्लॉकला तिकीट, जेवण आणि रजा लागत नाही.

चौथी तक्रार लहान आहे. तिच्या गाठीचा प्रकार काय आहे हे माझ्या नणंदेला एकाही माणसानं मराठीत सांगितलं नाही. तिला बागेतल्या सगळ्या बुरशींची नावं पाठ आहेत. तिला तीन शब्द पाठ झाले नसते?

‘हे सगळं करायला पैसा कुठून आणायचा,’ हे तुम्ही म्हणणार, ते मी मंचाखालूनच ऐकलं होतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर नव्यानं निघाला आणि ९८ हजारांहून जास्त जणी गेल्या. इतक्या सगळ्यांना महागडी औषधं देता येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण स्वस्तातलं काय? टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० बायकांवर अभ्यास झाला. ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन, तेच दातवाले भूल द्यायला वापरतात ते, टोचलं. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेल्या बायका ८६.६ टक्के, न टोचलेल्यांत ८२.६. हे २०२३ साली छापून आलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. नाशिक जिल्ह्यातल्या किती ऑपरेशन थिएटरांत ते टोचतात, हे तुम्ही विचारलंत का कधी? ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या पन्नाशीच्या आतल्या बायकांना केमोत साधं, जुनं कार्बोप्लॅटिन जोडल्यानं फायदा होतो, हेही टाटानंच दाखवलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं चाललेल्या अभ्यासात, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, तर पन्नाशीपुढच्या बायकांतले मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हातानं, मशीन नाही. त्या गुलाबी टोपीवाल्या आशाताईंना टोपीऐवजी हे शिकवा.

हरसेप्टिनचे भारतात बनलेले बायोसिमिलर, म्हणजे त्याच्यासारखंच काम करणारी दुसऱ्या कंपन्यांची औषधं, २०१४ पासून बाजारात आहेत. ते एक वर्षाऐवजी सहा महिने दिलं तरी निकाल फारसा उतरत नाही, हे इंग्लंडमधल्या चार हजारांवर बायकांच्या अभ्यासातून २०१९ ला पुढं आलं. कोणाला सहा महिने पुरेल हे डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही. पण जिला सहा महिने पुरले तिच्या उरलेल्या सहा महिन्यांत किती जणींची फिश होईल याचा हिशेब तुमच्या लेखा शाखेला येतो. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडनं, म्हणजे देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यानं, रुग्णालयांची औषधखरेदी एकत्र करून भाव कसे पाडले, तेही तुमच्या टेबलावर असेलच.

म्हणून माझ्या मागण्या, सोप्या शब्दांत:

जिल्ह्यातल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरला, सरकारी आणि खासगी, बफर्ड फॉर्मॅलिन भरलेल्या तयार बरण्या पुरवा. बरणीवर तीन रकाने छापा: नाव, गाठ सुटल्याची वेळ, फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. वेळ नसलेली बरणी लॅबनं नोंदवावी आणि त्याचा दर महिन्याला जाब विचारावा.

शनिवार-रविवारी नमुना घेणारा एक तरी माणूस जिल्ह्यात ठेवा. कॅन्सर रविवारची सुट्टी घेत नाही, लॅब घेते.

टू प्लस आला की फिश आपोआप, पेशंटला पुन्हा अर्ज न करता, त्याच ब्लॉकवर, त्याच मंजुरीत व्हावी. ईआर, पीआर, हर-टूचा आकड्यांसकट पूर्ण रिपोर्ट आल्याशिवाय केमोची मंजुरी देऊ नका, आणि हा रिपोर्ट येण्याला दिवसांची मुदत घाला, नाही तर माझ्याच मागणीचा फास बायकांच्या गळ्यात बसेल.

निरोगी नळ्यांनी रंग घेतला की नाही, हे रिपोर्टवर लिहिणं सक्तीचं करा.

घरात आई, मावशी, बहिणीला हा आजार होऊन गेला असेल तर बीआरसीएची तपासणी आणि त्याआधी समजावून सांगणारं माणूस जिल्ह्यातच द्या. आणि प्रत्येक बाईच्या हातात एक मराठी कार्ड द्या: माझ्या गाठीचा प्रकार हा, माझं औषध हे, किती दिवस.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं करायचं जाहीर झालं आहे. ती होतील तेव्हा होवोत. केंद्राच्या कोनशिलेआधी बरण्या पोचल्या तर मला पुरे.

माझ्याकडून जे होईल ते सांगते. मी निवृत्त आहे, गुडघे जरा दुखतात पण स्टँडपर्यंत चालता येतं. आठवड्यातले दोन दिवस, जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात, सुरगाणा आणि पेठसुद्धा, मी येऊन थिएटरमधल्या सिस्टर आणि मामांना बरणी कशी भरायची, गाठीला काप कुठं द्यायचा, लेबल कसं लिहायचं ते दाखवीन. मानधन नको. एसटीचं तिकीट माझं मला निम्मं पडतं.

नणंदेचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी असतं, पुढचं येत्या गुरुवारी. टॅमॉक्सिफेनची गोळी ती रोज रात्री जेवल्यावर घेते, दाजींनी मोबाइलला गजर लावून दिला आहे. काखेतली गाठ आता हाताला लागत नाही, आणि यंदाच्या विरळणीला मी अर्धा दिवस तरी जाणार, असं तिनं परस्पर ठरवूनही टाकलंय.

माझ्या प्रश्नांची उत्तरं लेखी मिळावीत. तिन्ही प्रश्न वर पहिल्या परिच्छेदात आहेत.

आपली,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन,
नाशिकरोड